न धुतलेला स्वेटर

लाँड्रीवाल्या काकूंना अख्खी गल्ली पाठीमागे 'कडक इस्त्री' म्हणायची, आणि काकूंना ते पक्कं ठाऊक होतं. त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. चाळीस वर्षं परक्यांच्या कॉलरींवरचा मळ काढल्यावर लोक आपल्याला गोड नाव ठेवतील, अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. शिवाय नाव खोटंही नव्हतं. काकूंच्या हातून गेलेली चादर उभी केली तर उभी राहील, असं शेजारचा टेलर म्हणायचा. त्यांच्या तोंडून गेलेल्या शब्दाचंही तसंच आहे, असं तो हळूच पुढे जोडायचा.

दुकान पुढे, घर मागे. काचेचं दार, ते उघडलं की वाजणारी घंटी, मग काउंटर. काउंटरची फळी उचलून आत गेलं की खिडकीशी वाफेवरची मोठी प्रेस, तिच्यामागे दोन खोल्या आणि कपडे वाळत घालायची एक लांबट खोली. सगळं एका पातळीवर. रस्त्यावरून आत यायला तेवढी एक पायरी. या घरात न धुतलेला कपडा दिवस मावळेपर्यंत टिकत नसे. गिऱ्हाइकांचे कपडे तर धंद्याचेच झाले, पण काकूंचे स्वतःचे कपडेही अंगावरून उतरले की थेट पाण्यात जात. पाहुणा मुक्कामाला आला तर सकाळी त्याचे कपडे दोरीवर सापडत. कपड्यावरून माणूस वाचायची काकूंना सवय होती. बाहीच्या कडेवरून त्या सांगत की हा दिवसभर टेबलावर डोकं टेकून बसतो, आणि खिशाच्या टोकावरून सांगत की याच्या घरी कुरबूर चालू आहे. दुसऱ्यांचा मळ जिच्याशी एवढं बोलतो, ती आपला मळ कोणाला दिसू देईल कशाला?

प्रेस काकांची होती. काकू बोलत आणि काका ऐकत, अशी त्या घरात कामाची वाटणी होती. काका फक्त 'हं' म्हणत. त्या 'हं'चे चार-पाच प्रकार होते आणि काकूंना ते सगळे कळत. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी काकू खिडकीकडे पाठ करून गिऱ्हाइकाच्या शर्टाची बटणं तपासत होत्या आणि पाण्याच्या पंपाबद्दल बोलत होत्या. वीसेक मिनिटं बोलल्या असतील. मग लक्षात आलं की बऱ्याच वेळात 'हं' आलेलं नाही. वळून पाहिलं तर काका प्रेसजवळच्या वेताच्या खुर्चीत होते, मांडीवर अर्धी घडी घातलेली पँट होती, आणि ते गेलेले होते. त्या वीस मिनिटांतली किती मिनिटं आपण गेलेल्या माणसाशी बोललो, हा प्रश्न काकूंनी कोणाला विचारला नाही. पण त्यांच्या मनातून तो गेलाही नाही.

कदाचित म्हणूनच त्यांनी बोलणं थांबवलं नाही. सकाळी दार उघडलं की खुर्चीला सांगायच्या, आज टेलरकडचे सहा कोट आहेत. दुपारी सांगायच्या, वाफ कमी येते आहे. काकूंची साधी समजूत होती की हे इथंच आहेत. वेड वगैरे काही नव्हतं; दुकान चोख चालत होतं. फक्त त्या घराबाहेर एक रात्रही काढत नव्हत्या, कारण ह्यांना एकटं टाकून जायचं कसं?

आणि घरात एकच न धुतलेला कपडा होता. काकांचा राखाडी स्वेटर, शेवटच्या दिवशी अंगात असलेला. तो काकूंनी बिस्किटांच्या जुन्या डब्यात घालून झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून ठेवला होता. रविवारी दुकान बंद असलं की पट्टी सोडवायची, नाक आत घालून एकदाच श्वास घ्यायचा आणि नवी पट्टी लावून टाकायची. तंबाखू, डोक्याचं तेल आणि वाफेत भिजलेली लोकर. श्वास एकच, दोन नाही. वास पुरवून पुरवून वापरायचा होता.

अशाच एका रविवारी वाळवणीच्या खोलीत दोरीला हात लावायला काकू स्टुलावर चढल्या आणि पडल्या. गुडघा असा दुखावला की उठता येईना. सकाळी दहाला पडल्या त्या दुपारी चारला टेलरच्या कानावर त्यांची हाक गेली. दुसऱ्या दिवशी लेक आली. लेक दुसऱ्या शहरात बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती आणि स्वभावानं थेट आईवर गेलेली होती, म्हणजे बोलणं कमी आणि निर्णय जास्त. तिनं सांगितलं की आता एकटं राहायचं नाही. एक तर माझ्याकडे ये, नाहीतर घरात कोणीतरी हवं. काकूंनी भाडेकरू ठेवून पाहिला. तो आठव्या दिवशी पळाला, कारण त्याचे कपडे रोज विचारल्याशिवाय धुतले जायचे. मग लेकीनं कुत्र्याचं काढलं. आई कुत्र्याला कदापि हो म्हणणार नाही आणि मुकाट्यानं सामान बांधेल, असा तिचा होरा असणार. पण दगडापेक्षा वीट मऊ. काकूंनी 'हो' म्हटलं.

आता शब्द दिल्यावर लेकीलाही मागे फिरता येईना. तिनं अट घातली की दोन महिन्यांनी मी येऊन बघेन. कुत्रा खरोखर तुझा झालेला असला, तुला रोज चालायला नेत असला, तू पडलीस तर गल्ली गोळा करील असा असला, तर राहा इथं. नाहीतर दुकानाला कुलूप. काकू घरात राहणार की नाही, हे आता एका जनावरावर ठरणार होतं.

कुत्रा कोणता, यावर गल्लीत आठवडाभर चर्चा झाली. टेलरनं सर्वांत आधी म्हण ऐकवून घेतली, धोब्याचा कुत्रा, ना घरचा ना घाटाचा. स्वतःच हसला आणि त्या दिवशी त्याचे कोट काकूंनी सर्वांत शेवटी घेतले. कोणी म्हणालं जर्मन शेफर्ड आणा, चोर फिरकणार नाही. कोणी म्हणालं पॉमेरेनियन आणा, मांडीवर मावतो. लेकीनं फोनवर सोनेरी केसांच्या एका देखण्या कुत्र्याचा फोटो पाठवला. शेवटी गुडघा बघणाऱ्या डॉक्टरांनीच कुत्रेवाल्या बाईंचा पत्ता दिला. मालक परदेशी गेले, म्हातारे झाले, तर मागे राहिलेल्या मोठ्या कुत्र्यांना या बाई नवी घरं शोधून द्यायच्या.

बाई आल्या आणि काउंटरपाशी उभ्या राहिल्या तेव्हा काकूंनी सवयीनं आधी त्यांचा कोट वाचला. निदान पाच जातींचे केस, कोपराला चिखल, पण नखं स्वच्छ. काकूंना बाई पटल्या. बाईंनी कुत्र्यांचा विषयच काढला नाही. एका खुर्चीवर बसून तासभर दुकान बघत राहिल्या आणि मधून मधून प्रश्न विचारत राहिल्या. उठता कधी, गुडघा किती चालू देतो, दिवसाला किती परकी माणसं दारातून आत येतात, फरशी ओली असते का, एकट्या असलात की बोलता का. शेवटच्या प्रश्नावर काकू उठून प्रेसची वाफ बघायला गेल्या.

मग बाईंनी एकेक नाव खोडून काढलं. शेफर्डला दिवसभर काहीतरी काम लागतं, तो तुमच्या गिऱ्हाइकांवर पहारा ठेवील आणि धंदा बसवील. एवढ्याशा घरात तो म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पॉमेरेनियन दर घंटीला भुंकेल. लॅब्रॅडोर स्वभावानं सोनं, पण तरुण असला तर प्रेमानंच तुम्हाला पुन्हा पाडील. सोनेरी केसवाल्याचे केस गिऱ्हाइकांच्या काळ्या कोटांवर बसतील. बीगलचा पाय घरात ठरत नाही. चेहरा बघून कुत्रा घेणारे लोक सहा महिन्यांत मला फोन करतात, असं बाई म्हणाल्या. आपला दिवस कसा आहे ते बघायचं आणि त्या दिवसात मावेल असा कुत्रा घ्यायचा. तुम्हाला मोठा झालेला, शांत, माणसांत रमणारा, हळू चालणारा कुत्रा हवा. तुमच्या घराला जिने नाहीत हे फार चांगलं, कारण माझ्या मनात आहे त्याला जिने चालत नाहीत.

त्यांच्या मनात होता पाच वर्षांचा बॅसेट हाउंड. लांब अंग, वीतभर पाय, जमिनीला टेकणारे कान आणि निवृत्त शिक्षकासारखा पडलेला चेहरा. त्याला सगळे मास्तरच म्हणत. आवाज असा की चार घरं पलीकडे ऐकू जावा, पण वापरायचा क्वचित. दिवसाचे बारा तास झोपणार. एकच खोड, लाळ गळते. लाळेचं मला सांगू नका, डाग काढणं माझा धंदाच आहे, असं काकू म्हणाल्या, आणि ठरलं.

निघताना बाईंनी आपली नेहमीची मागणी केली. मास्तरला आणण्याआधी पंधरा दिवस त्याच्या अंथरुणात काकूंचा एक कपडा ठेवायचा होता, तीन दिवस अंगात घातलेला आणि न धुतलेला. या जातीचं नाक म्हणजे अवघं जग. तो आधी माणूस ओळखेल आणि मग घरात येईल, म्हणजे परक्या घरात आल्यासारखं त्याला वाटणार नाही. वीस वर्षं मी असंच करते, बाई म्हणाल्या, एकदाही चुकलेलं नाही.

काकूंचं धाबं दणाणलं. त्यांनी खरंच प्रयत्न केला. सोमवारी एक झगा घातला आणि ठरवलं की गुरुवारपर्यंत काढायचा नाही. सोमवारी संध्याकाळी तो दोरीवर होता. मंगळवारी पुन्हा घातला. बुधवारी दुपारी पुन्हा पाण्यात. आपला घामेजलेला कपडा पिशवीत घालून परक्या बाईच्या हाती द्यायचा, या विचारानंच त्यांचे हात आपोआप साबणाकडे जात. शनिवारी बाईंची गाडी दाराशी थांबली. घरात धुतलेल्या कपड्यांचे ढीग होते आणि न धुतलेला एकच होता. नवऱ्याचा वास काय आणि बायकोचा काय, एका घरातले तर दोघं, असं स्वतःला बजावत काकूंनी डब्याची पट्टी सोडवली. पंधरा दिवसांत परत मिळेल. कुत्र्याला एवढं काय कळणार?

"तुमचाच ना?" पिशवी घेताना बाईंनी विचारलं.

"घरात दुसरं कोण आहे?" काकू म्हणाल्या. म्हटलं तर हे खोटं नव्हतं.

मास्तर आला तो एका लख्ख सकाळी. पायरीवर बाईंनी त्याला मागून उचलून आधार दिला, कारण तेवढीही चढताना त्याची कंबर ओढली जाई. काकू काउंटरबाहेर येऊन उभ्या होत्या. त्यानं त्यांच्या हाताचा वास घेतला, शेपूट एकदा इकडून तिकडे केलं, आणि पाहुण्याला नमस्कार करून पुढे जावं तसा तो पुढे गेला. फळीखालून आत, वाळवणीची खोली, झोपायची खोली, आणि परत. नाक जमिनीला, कान फरशी पुसत. मग प्रेसजवळच्या वेताच्या खुर्चीपाशी तो थांबला, मान वर केली आणि त्याचं शेपूट हलायला लागलं. हलतच राहिलं. ओळखीचं माणूस भेटल्यावर जे काही करायचं ते सगळं करून तो खुर्चीपाशी आडवा झाला आणि त्यानं एक लांब उसासा सोडला. बाई खूश झाल्या. घर आवडलं त्याला, असं म्हणून स्वेटर परत देऊन त्या गेल्या.

काकूंनी आधी स्वेटरला नाक लावलं. कुत्र्याचा वास, दुसरा कोणताच नाही. तंबाखू गेली, तेल गेलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच, म्हणत त्या खाली बसल्या आणि दोन वर्षांत पहिल्यांदा दुकानाच्या वेळेत रडल्या. मास्तरनं एक डोळा उघडून पाहिलं आणि मिटला.

खुर्चीला ह्यांचा वास असणार, एवढं तर कोणालाही सुचेल. काकूंनी खुर्चीची गादी उकळत्या पाण्यात काढली, वेत सोड्यानं घासला, दोन दिवस उन्हात ठेवला. मास्तर त्याच जागी पडून राहिला. काकूंनी खुर्ची उचलून झोपायच्या खोलीत नेली. तो खुर्चीच्या मागे गेला नाही. खिडकी आणि प्रेस यांच्यामधल्या मोकळ्या फरशीजवळ, तिथल्या कोणाच्या पायांना जागा सोडावी इतकं अंतर ठेवून, तो पहुडला होता. दुपारचं ऊन त्याच्या पाठीवर पडलं होतं. काकू हातात गिऱ्हाइकाचा शर्ट घेऊन त्या मोकळ्या जागेकडे बघत उभ्या राहिल्या आणि मग खुर्ची परत आणून जागच्या जागी ठेवली. उगाच कोणाला उभं कशाला ठेवायचं?

संध्याकाळी दोघं फिरायला जात. गुडघ्याला मानवेल अशी मास्तरची चाल होती, त्या बाबतीत बाईंची निवड शंभर टक्के खरी ठरली. पण दारात तो थांबायचा. दार उघडं, काकू बाहेर, आणि हा उंबऱ्याच्या आत, कोणाला तरी आधी जाऊ द्यावं तसा बाजूला सरकलेला. मग बाहेर यायचा. काकू उजवीकडे असत आणि तो मान वर करून डावीकडे बघत चालायचा. कोपऱ्यावरच्या तंबाखूच्या दुकानापाशी बसकण मारायचा. एक पुडी घ्यायला, दुकानदाराशी दोन शब्द बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ बसायचा आणि आपला आपण उठायचा. ही कोणाची फेरी आहे हे काकूंना सांगायला नको होतं. पण काकांनी या रस्त्यावर पाऊल ठेवून दोन वर्षं उलटली होती, दोन पावसाळे त्यावरून वाहून गेले होते. एवढं जुनं नाकाला लागत नाही, हे काकूंइतकं चांगलं कोणाला ठाऊक? वास कसा उडून जातो, हे त्यांनी दर रविवारी पाहिलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात कानाचा प्रकार झाला. दुपारचे तीन, दुकानात कोणी नाही, प्रेस बंद. मास्तर खुर्चीपाशी बसला होता आणि त्याचा एक कान उलटा वळून डोक्यावर पडला होता, मोजा उलटा व्हावा तसा. काकू बघत असताना तो कान सावकाश उचलला गेला, सरळ झाला आणि नीट खाली ठेवला गेला. वाऱ्यानं कान फडफडतो, डोकं हलवलं तर झटक्यात पडतो. हा ठेवला गेला. मग कपाळापासून मानेपर्यंतची त्याची आखूड लव दबली, उठली, पुन्हा दबली. मास्तरचे डोळे मिटत आले. त्यांना भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्या मागोमाग जे आलं ते त्याहून वाईट होतं, आणि त्याला काकूंनी मनात त्याच्या खऱ्या नावानं हाक मारली. मत्सर.

दोन वर्षं त्या या खुर्चीशी बोलत होत्या. पंपाचं, कोटांचं, गुडघ्याचं, सगळं. एकदाही कोणी त्यांच्या केसांवरून हात फिरवला नव्हता, एकदाही 'हं' आलं नव्हतं. आणि हा कोण कुठला आखूड पायांचा, काल आला आणि मांडीशी जाऊन बसला. "मला का नाही?" असं त्यांनी त्या दुपारी भर उन्हात, खुर्चीकडे बघत विचारलं. मास्तरनं त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यानं मान वळवून वर पाहिलं, उत्तर तिकडून यायचं असल्यासारखं. उत्तर आलं नाही. निदान काकूंना ऐकू आलं नाही.

त्यानंतर घरात एक विचित्र शांतता झाली. काकूंनी बोलणं सोडलं आणि त्या कानोसा घेऊ लागल्या. मास्तर कोणी न बोलावता उठे, कोणी न सांगता बसे, आणि काकूंनी हाक मारली तर सभ्यपणे वाट बघे, काकूंना आणखी कोणाशी बोलायचं असेल म्हणून. टेलर एकदा कोट घ्यायला आला, फळीपर्यंत गेला, आत डोकावला आणि कोट उद्या नेतो म्हणून परत फिरला. नंतर तो रस्त्यावरूनच हाक मारू लागला.

दोन महिने झाले आणि ठरल्याप्रमाणे लेक आली. कुत्रेवाल्या बाईही आल्या. त्यांची परीक्षा घ्यायची एक सोपी रीत होती. सगळ्यांनी खोलीत लांब लांब बसायचं, कुत्र्याला मोकळं सोडायचं, कोणीही हाक मारायची नाही. कुत्रा ज्याच्यापाशी जाऊन झोपेल त्याचा तो. लेक काउंटरशी बसली, बाई दाराशी, काकू वाळवणीच्या खोलीच्या तोंडाशी. त्यांनी सकाळी काकांचा स्वेटर अंगात घातला होता. काकांचं काहीच त्यात उरलं नव्हतं, पण बुडत्याला काडीचा आधार.

मास्तर आत आला. त्यानं तिघींकडे आळीपाळीनं पाहिलं, काकूंजवळून स्वेटरकडे ढुंकूनही न बघता गेला आणि रिकाम्या खुर्चीपाशी आडवा झाला. त्याचा कान उलटला होता. तो उचलला गेला आणि सरळ झाला. लेक ते बघत होती. ती उठली, काउंटरपलीकडे गेली आणि काचेच्या दाराकडे तोंड करून उभी राहिली.

बाईंनी शांतपणे विचारलं की स्वेटर कोणाचा होता. काकूंनी सांगून टाकलं. बाईंनी मास्तरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मग त्याची चूक नाही, काकू. मी त्याला एक माणूस दिला, त्यानं तो धरला. आता दोन वाटा आहेत. ठेवलात तर तो इथं सुखात राहील, पण तुमचा कधीच होणार नाही. नाहीतर मी त्याला नेते, महिन्याभरानं याच स्वभावाचा दुसरा आणते, आणि या खेपेला कपडा तुमचा."

लेकीनं दाराकडे बघतच महिन्याची मुदत कबूल केली, आणि हाच ठेवलास तरी चालेल म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. म्हणजे काकूंच्या मनासारखं झालं होतं, घर राहणार होतं. राहिला मास्तर. त्याला ठेवायचं की पाठवायचं हे आता फक्त काकूंच्या हाती होतं. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. कुत्रा गेला की मधला उपरा जाईल, हे आणि आपण दोघंच उरू, आणि मग तरी ह्यांना आपल्याकडे बघावं लागेल, असा त्यांनी विचार केला. सुंठीवाचून खोकला जाईल.

"न्या त्याला," काकू म्हणाल्या.

बाईंनी पट्टा हातात घेतला. मास्तर उठला. त्यानं आळस दिला, दारापर्यंत गेला, आणि उंबऱ्याच्या आत बाजूला सरकून थांबला. लेक दारातच होती. ती एकदम भिंतीला चिकटली, कोणी खेटून जावं तशी. मग मास्तर बाहेर पडला. बाईंनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि त्याची कंबर उचलायला वाकल्या, पण त्यांचा हात पोचायच्या आधीच त्याचं मागचं अंग उचललं गेलं आणि तो आत चढला. बाई तशाच वाकलेल्या राहिल्या. मास्तर सीटवर एका टोकाला सरकला, अर्धी सीट मोकळी सोडून. गाडी त्या बाजूला किंचित दबली. मग त्यानं डोकं टेकलं, पण सीटवर नाही. सीटच्या चार बोटं वर, मांडीच्या उंचीवर, त्याची हनुवटी टेकली होती आणि डोळे मिटले होते.

बाईंनी काकूंकडे पाहिलं. हाक मारावी, थांबा म्हणावं, असं त्यांच्या ओठांपर्यंत आलं, पण थांबा कोणाला म्हणायचं? चाळीस वर्षांत ह्यांनी कधी कशाचा हट्ट धरला नव्हता. गाडी सुरू झाली आणि कोपऱ्यावरून वळली.

काकू आत आल्या. खिडकीतून ऊन येत होतं, प्रेस होती, खुर्ची होती. "हे बघा," असं त्यांनी सवयीनं म्हटलं आणि त्या थांबल्या. आपलाच आवाज भिंतीवर आपटून परत येताना त्यांना ऐकू आला. सामान हलवलेल्या खोलीत येतो तसा. घरात फक्त साबणाचा वास होता.

लेक हळूच मागे येऊन उभी राहिली. तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली की काही घाई नाही, महिन्यानं दुसरा कुत्रा येईल, तू इथंच राहा, मी आता आग्रह करणार नाही.

"दुसरा नको," काकू म्हणाल्या. "माझी बॅग काढ माळ्यावरची. मी येते तुझ्याकडे."

"अगं, पण आत्ता तर तुला इथंच राहायचं होतं."

"मघाशी हे होते इथं," काकू म्हणाल्या, आणि प्रेसचं बटण बंद करायला वळल्या.